आईच्या रक्तातील ब-१२ जीवनसत्त्व : डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाचा अभ्यास

वार्षिक अहवाल म्हणजे प्रामुख्याने जमाखर्चाचा आणि रुग्णसंख्येचा लेखाजोखा. तथापि रुग्णालय ज्या परिसरात उभे आहे त्या परिसराच्या आरोग्याचा अभ्यास हेही आम्ही आपले कर्तव्य मानतो. या लेखात आम्ही एका संशोधकाच्या कार्याचा परिचय करून देत आहोत. हे संशोधक म्हणजे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक. त्यांचे कार्यक्षेत्र पुणे जिल्ह्यातील खेडी असले, तरी त्यांनी उपस्थित केलेले प्रश्न शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील प्रत्येक पाड्याला लागू पडतात. आईच्या आहारातील एका सूक्ष्म घटकाची उणीव बाळाच्या शरीरात आयुष्यभरासाठी कशी उतरते, हा त्या प्रश्नांचा गाभा होय.

चूल आणि सरपण

विषय समजण्यासाठी प्रथम दोन प्रकारच्या दोषांतील फरक ध्यानात घेणे आवश्यक आहे. शरीरात अन्नाचे रूपांतर होत असताना शेकडो रासायनिक क्रिया घडतात. प्रत्येक क्रियेसाठी विशिष्ट विकर, म्हणजेच एन्झाइम, लागते. हे विकर कसे घडवावे याची माहिती जनुकात असते. जनुकात बिघाड असल्यास विकर घडत नाही किंवा सदोष घडते, आणि ती क्रिया जन्मापासूनच अडते. यांना आनुवंशिक चयापचय विकार म्हणतात. इंग्लंडचे डॉ. आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ही कल्पना प्रथम मांडली.

पण पुष्कळ विकरे एकटी काम करू शकत नाहीत. त्यांना एखाद्या जीवनसत्त्वाची जोड लागते. चूल उत्तम असली तरी सरपण नसेल तर भात शिजत नाही. आणि सरपण भरपूर असले तरी चूल फुटकी असेल तर तोच अनुभव येतो. घरातील माणसे उपाशी राहतात ती दोन्ही वेळा सारखीच. उपाय मात्र वेगळा. फुटक्या चुलीपुढे सरपणाची रास घालून उपयोग नाही, आणि सरपणाअभावी चूल बदलण्यात अर्थ नाही.

ब-१२ जीवनसत्त्व मानवी शरीरात दोन विकरांना अशी जोड देते. पहिले विकर होमोसिस्टिन या द्रव्याचे मेथिओनिन या उपयुक्त घटकात रूपांतर करते. या क्रियेत फॉलिक आम्ल, म्हणजेच फोलेट, हाही भागीदार असतो. दुसरे विकर मेथिलमॅलोनिक आम्लाचा साठा होऊ देत नाही. ब-१२ कमी पडले की रक्तात होमोसिस्टिन आणि मेथिलमॅलोनिक आम्ल ही दोन्ही वाढतात. १९६० च्या दशकात होमोसिस्टिन्युरिया आणि मेथिलमॅलोनिक ॲसिड्युरिया या दुर्मीळ आनुवंशिक विकारांचा अभ्यास झाला, तेव्हा या दोन वाटा डॉक्टरांना नीट उमगल्या. लाखांत एखाद्या बालकाला होणाऱ्या विकाराने कोट्यवधींच्या आहारातील उणीव ओळखण्याची खूण हाती दिली, हे या शास्त्राचे वैशिष्ट्य आहे.

मुंबईतील पूर्वपीठिका

या विषयाचा एक महत्त्वाचा अध्याय आपल्याच मुंबईत लिहिला गेला. तानसा तलावाचे पाणी १८९२ पासून मुंबईकरांची तहान भागवीत आले आहे. त्याच मुंबईत १९२८ साली डॉ. ल्युसी विल्स या ब्रिटिश महिला संशोधक आल्या. कापड गिरण्यांतील कष्टकरी स्त्रियांना गरोदरपणी जडणाऱ्या तीव्र रक्तक्षयाचा शोध त्यांनी हाफकिन संस्थेत राहून घेतला. गरीब घरांतील आहार तपासल्यावर हा जंतूंचा नव्हे, अन्नातील उणिवेचा रोग असावा, असे त्यांना दिसून आले. यीस्टपासून तयार होणारा मार्माइट हा स्वस्त पदार्थ दिल्यावर त्या स्त्रियांचे रक्त भराभर सुधारले. १९३१ साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मार्माइटमधील तो अज्ञात घटक म्हणजेच पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखले गेलेले जीवनसत्त्व. आज गर्भवती मातेच्या हाती आपण जी लोह-फॉलिक आम्लाची गोळी ठेवतो, तिची मुळे मुंबईच्या गिरणगावात आहेत.

ब-१२ हे जीवनसत्त्व १९४८ साली वेगळे करण्यात आले आणि १९५६ साली डोरोथी हॉजकिन यांनी त्याची रचना उलगडली. भारतात त्याच्या उणिवेचे गांभीर्य दाखविणारे एक महत्त्वाचे निरीक्षण १९६२ साली वेल्लोरहून प्रसिद्ध झाले. जाधव, वेब, वैष्णव आणि बेकर या डॉक्टरांनी अंगावर पिणाऱ्या काही बालकांचे वर्णन केले. ही बालके सुस्त झाली होती, शिकलेल्या हालचाली विसरत होती, त्यांची त्वचा काळवंडली होती आणि रक्त कमी झाले होते. त्यांच्या मातांच्या शरीरातच ब-१२ अत्यल्प होते, म्हणून दुधातूनही ते मिळत नव्हते. ब-१२ दिल्यावर बालके सुधारली. बाळाच्या आजाराचे निदान आईच्या रक्तात सापडते, हा धडा तेव्हापासून वैद्यकशास्त्रापुढे आहे.

डॉ. याज्ञिक यांचा मार्ग

डॉ. याज्ञिक यांचे वैद्यकीय शिक्षण पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात झाले आणि मधुमेहाच्या संशोधनाचे प्रशिक्षण त्यांनी ऑक्सफर्ड येथे घेतले. परदेशी न राहता ते पुण्याला परतले आणि केईएम रुग्णालयात त्यांनी मधुमेह विभागाचे काम उभे केले. तेथे येणारे रुग्ण पाश्चात्त्य ग्रंथांतील वर्णनाशी जुळत नव्हते. ग्रंथांतील मधुमेही लठ्ठ आणि उतारवयातील होता. पुण्यातील मधुमेही त्याहून तरुण आणि दिसायला सडपातळ, मात्र पोटाशी चरबी साठलेला होता. हे का, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही.

याच सुमारास इंग्लंडमधील साउदॅम्प्टनचे प्रा. डेव्हिड बार्कर यांनी असे मत मांडले होते की, गर्भावस्थेत कुपोषण सोसलेल्या बाळाला पुढे हृदयविकार व मधुमेह होण्याचा धोका अधिक असतो. डॉ. याज्ञिक यांनी केईएम रुग्णालयात जन्मलेल्या मुलांची चार वर्षांच्या वयात तपासणी केली. जन्मवजन कमी असलेल्या मुलांच्या रक्तात साखर पाजल्यानंतर साखरेचे व इन्सुलिनचे प्रमाण अधिक आढळले. हा निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध झाला. मधुमेहाची पूर्वतयारी चौथ्या वर्षीच दिसत असेल, तर तिचा आरंभ त्याही आधी शोधला पाहिजे, हे यावरून स्पष्ट झाले.

म्हणून १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत 'पुणे माता पोषण अभ्यास' सुरू झाला. साउदॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल या कार्यातील दीर्घकालीन सहकारी. विवाहित स्त्रियांची नोंद गर्भधारणेपूर्वीच करण्यात आली आणि गर्भ राहिल्यावर त्यांचा आहार, कष्ट व रक्त यांची तपासणी झाली. जन्मलेल्या सातशेहून अधिक मुलांचा पाठपुरावा ती मोठी होईपर्यंत चालू राहिला. ग्रामीण भारतात एकाच कुटुंबाच्या दोन पिढ्यांचा मागोवा इतक्या चिकाटीने घेतल्याची उदाहरणे थोडीच आहेत. त्यामागे घरोघर जाणाऱ्या कार्यकर्त्यांचे आणि रक्त देण्यास वारंवार तयार होणाऱ्या ग्रामस्थांचे श्रेय मोठे आहे.

अभ्यासातून काय निष्पन्न झाले

या माता गर्भधारणेपूर्वी सरासरी सुमारे ४२ किलो वजनाच्या होत्या. बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. साउदॅम्प्टनच्या बाळांचे ते ३.५ किलो होते. पण बारकाईने मोजमाप केल्यावर अनपेक्षित गोष्ट पुढे आली. आपल्या बाळांचे स्नायू व पोटातील अवयव लहान होते, मात्र त्वचेखालील चरबी त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. बाळ बारीक, पण अंगात चरबीचे प्रमाण अधिक! या बाळाचे 'बारीक पण चरबीयुक्त भारतीय बाळ' हे वर्णन २००३ साली जगभर परिचित झाले.

२००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात डॉ. याज्ञिक व त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचा शरीरभार निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. केवळ वजनकाट्यावर विसंबून भारतीय माणसाचे आरोग्य ठरविता येत नाही, हे त्या एका छायाचित्राने सांगितले.

आहाराच्या बाबतीत २००१ साली निघालेला निष्कर्ष आमच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. आईने एकूण किती उष्मांक वा प्रथिने घेतली, यापेक्षा तिने हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध किती वेळा घेतले, याचा बाळाच्या आकाराशी अधिक स्पष्ट संबंध आढळला. म्हणजे पोट भरणे आवश्यक असले, तरी पुरेसे नाही.

पुढे साठवून ठेवलेल्या रक्ताची तपासणी झाली. दोन तृतीयांश मातांमध्ये ब-१२ कमी होते. याउलट फोलेटची उणीव जवळजवळ कोणातच नव्हती. मुले सहा वर्षांची झाल्यावर असे दिसले की, ज्या मातांमध्ये ब-१२ कमी आणि फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सर्वांत मंद होता. हा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला. ब-१२ अत्यल्प असलेल्या मातांची मुले नऊ वर्षांच्या वयात एकाग्रतेच्या व तात्पुरत्या स्मरणाच्या चाचण्यांत काहीशी मागे पडल्याचेही त्याच सुमारास आढळले. हीच मुले अठरा वर्षांची झाली तेव्हा त्यांतील जवळपास निम्मी कमी वजनाची होती. तरीही ३७ टक्के मुलांच्या आणि १८ टक्के मुलींच्या रक्तातील साखर सामान्य मर्यादेबाहेर होती. कुपोषण आणि मधुमेह हे दोन टोकांचे आजार आहेत, या समजुतीला याहून मोठा धक्का दुसरा नाही.

ही उणीव केवळ मातांपुरती नव्हती. २००६ साली पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ६७ टक्क्यांमध्ये ब-१२ कमी होते. शहरी मध्यमवर्गात तर हे प्रमाण ८१ टक्के होते. शाकाहारी व्यक्तींमध्ये उणिवेचा धोका वारंवार मांसाहार करणाऱ्यांच्या तुलनेत चौपटीहून अधिक होता.

जनुकाचा वाटा किती

येथे चूल आणि सरपण यांचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. भारतीयांमध्ये होमोसिस्टिन वाढण्याचे कारण जनुकांत आहे की आहारात? युरोपात या बाबतीत फोलेटशी संबंधित एका विकराच्या जनुकाकडे बोट दाखविले जाते. आपल्याकडे जनुकाचे ते रूप तुलनेने विरळ आहे. मुख्य कारण ब-१२ ची उणीव हेच आढळले. केवळ २ किंवा १० मायक्रोग्रॅम ब-१२ रोज तोंडावाटे दिल्याने होमोसिस्टिन उतरते, हे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसून आले. सरपण मिळताच चूल पेटली, म्हणजे चूल शाबूत होती.

जनुकाचा वाटा शून्य आहे, असे मात्र नाही. ब-१२ आतड्यातून शोषून घेणे आणि रक्तातून पेशींपर्यंत वाहून नेणे यांसाठी वेगवेगळी प्रथिने लागतात व त्यांच्या जनुकांत व्यक्तीनुसार फरक असतो. बाळाच्या मेंदूची व कण्याची नलिका न मिटण्याच्या जन्मजात दोषाचा अभ्यास पुण्याच्या संशोधकांनी केला, तेव्हा आईच्या शरीरात ब-१२ वाहून नेणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाचा त्याच्याशी संबंध आढळला. आहार बेताचा असेल तेथे जनुकातील लहानसा फरकही मोठा ठरतो.

याशिवाय वारशाचा तिसरा प्रकार या संशोधनातून पुढे आला. जनुक निर्दोष असूनही आईच्या उदरातील परिस्थिती बाळाच्या चयापचयाला कायमचे वळण लावते. हा वारसा रक्ताच्या नात्याने येतो, पण तो बदलणे मात्र आपल्या हाती असते.

उपाय केव्हा करावा

गर्भ राहिल्याचे कळेपर्यंत दीड-दोन महिने उलटतात आणि बाळाचे प्रमुख अवयव त्याच काळात आकार घेतात. म्हणून उपाय गर्भधारणेपूर्वी करावयास हवा. मुंबईच्या झोपडवस्त्यांत २००६ पासून झालेल्या एका मोठ्या चाचणीत पालेभाज्या, सुकी फळे व दूध यांपासून बनविलेला खाऊ स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून रोज देण्यात आला. एकंदर जन्मवजनात लक्षणीय फरक पडला नाही. परंतु गर्भधारणेच्या तीन महिने आधीपासून खाऊ घेणाऱ्यांच्या बाळांचे वजन सरासरी ४८ ग्रॅमने अधिक भरले आणि खाऊ घेणाऱ्या स्त्रियांत गरोदरपणातील मधुमेहाचे प्रमाण १२.४ टक्क्यांवरून ७.३ टक्के इतके खाली दिसले.

डॉ. याज्ञिक यांनी २०१२ साली आपल्याच अभ्यासातील मुलामुलींना, म्हणजे भावी मातापित्यांना, किशोरवयातच ब-१२ देण्याची चाचणी सुरू केली. पहिल्या पिढीतील मुली आता आई झाल्या आहेत. त्यांच्या बालकांची संख्या अद्याप लहान असल्याने निष्कर्ष सावधपणे वाचले पाहिजेत. तरी ब-१२ मिळालेल्या मातांच्या बालकांचे आकलन व भाषा दोन वर्षांच्या वयात अधिक चांगली असल्याचे प्राथमिक चित्र आशादायक आहे.

आपल्या परिसरासाठी बोध

शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर राहणारे ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी बांधव धर्माने वा रूढीने शाकाहारी नाहीत. परंतु जे वर्ज्य नाही ते ताटात असतेच, असे नव्हे. पावसाळ्यात शेवळी, टाकळा, कुरडू, भारंगी अशा रानभाज्या मिळतात. ओढ्यातील मासे व खेकडेही मिळतात. दिवाळीनंतर मात्र अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात आणि तेथे भात, मिरची व क्वचित सुकट यांवर दिवस निघतात. रानभाज्यांतून फोलेट मिळते. पण वनस्पतींत ब-१२ जवळजवळ नसतेच. ते दूध, दही, ताक, अंडी, मासे व मांस यांतूनच मिळते. प्रौढ व्यक्तीची रोजची गरज साधारण २ मायक्रोग्रॅम, आणि पाव लिटर गाईच्या दुधात साधारण १ मायक्रोग्रॅम ब-१२ असते. गरज इतकी अल्प असूनही ती भागत नाही, ही खरी खंत आहे.

पुण्याच्या खेड्यांतील आकडे जसेच्या तसे आपल्या पाड्यांना लावणे शास्त्रीय ठरणार नाही. तथापि त्यांतून आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी, परिचारिकांनी आणि गावोगावच्या आशाताईंनी पुढील गोष्टी मनाशी बाळगाव्यात, असे आम्हांस वाटते.

१. लोह-फॉलिक आम्लाची गोळी कोणीही बंद करू नये. ती आवश्यकच आहे. परंतु नियमित गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल, तर लोहाची मात्रा वाढविण्यापूर्वी ब-१२ चा विचार करावा. केवळ फॉलिक आम्लाने रक्त सुधारलेले दिसू शकते आणि मज्जातंतूंची हानी मात्र आत चालूच राहते.

२. हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणे, जीभ गुळगुळीत व लाल होणे, बोटांच्या पेरांवर काळसरपणा, विसराळूपणा या खुणा विचारून व पाहून घ्याव्यात.

३. अंगावर पिणारे बाळ सुस्त असेल, हसेनासे झाले असेल, मान धरण्यात मागे पडले असेल किंवा हातपाय थरथरत असतील, तर बाळाबरोबर आईचेही रक्त तपासावे. अशा बाळाच्या लघवीत मेथिलमॅलोनिक आम्ल वाढलेले आढळले, तर तो आनुवंशिक विकारच आहे असा निष्कर्ष घाईने काढू नये. आईकडून ब-१२ न मिळाल्यानेही तेच चित्र दिसते आणि ते वेळीच दिलेल्या उपचाराने पालटते.

४. सिकलसेलच्या रुग्णांना फॉलिक आम्ल दीर्घकाळ दिले जाते. त्यांच्या बाबतीत ब-१२ कडे दुर्लक्ष होऊ नये. तसेच जी-६-पीडी या विकराचा आनुवंशिक अभाव असणाऱ्यांना हिवतापावरील प्रायमाक्वीनसारखी औषधे अपायकारक ठरतात, म्हणून कुटुंबातील पूर्वेतिहास विचारल्याखेरीज ती देऊ नयेत. हा खरा फुटक्या चुलीचा प्रकार. येथे उपाय सरपणाचा नव्हे, जपणुकीचा.

५. आहाराचा सल्ला घरातील परिस्थिती पाहून द्यावा. ज्या घरी दुभते जनावर नाही तेथे दुधाचा उपदेश पोकळ ठरतो. आठवड्यातून काही वेळा अंडे, मूठभर सुकट वा जवळा, वाटीभर ताक हे सांगणे अधिक उपयोगी. राज्य शासनाने २०१५ साली आदिवासी भागांसाठी सुरू केलेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून गर्भवती व स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचा पूर्ण आहार मिळण्याची तरतूद आहे. तो आपल्या पाड्यावरील मातेपर्यंत पोहोचतो की नाही, याची चौकशी प्रत्येक भेटीत करावी.

६. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आश्रमशाळांतील व गावातील किशोरवयीन मुलींकडे लक्ष द्यावे. पुढील पिढीची माता आज सातवी-आठवीत शिकत आहे. घरात दूध किंवा अंडे असेल तर ते मुलाच्या ताटात आधी पडते, हा अनुभव अजून जुना झालेला नाही. मुलीच्या ताटातील अंडे म्हणजे दोन पिढ्यांचे औषध आहे, हे पालकांना पटवून देणे हे आपणा सर्वांचे काम आहे.

डॉ. याज्ञिक यांच्या कार्यातून आणखी एक गोष्ट शिकण्याजोगी आहे. त्यांना प्रश्न परदेशी ग्रंथांतून नव्हे, समोर बसलेल्या रुग्णाकडून मिळाला आणि उत्तरासाठी ते खेड्यांतील घरांपर्यंत गेले. जन्मवजनाची अचूक नोंद, आईची उंची व वजन, तिने काल काय खाल्ले याची साधी विचारपूस यांसाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. अशा नोंदी आमच्या प्रसूती विभागात काटेकोरपणे ठेवल्या जाव्यात आणि त्या वर्षानुवर्षे जपल्या जाव्यात, यासाठी आम्ही प्रयत्नशील आहोत. या कार्यात हितचिंतकांचे साहाय्य, गावकऱ्यांचा विश्वास आणि आशाताई व अंगणवाडी सेविकांचे श्रम यांची जोड आम्हांस सदैव लाभावी, ही नम्र विनंती.